थोडं स्पिरिट, थोडा चपडा

फ्रेंच पॉलिशचं माप अमेरिकन असतं. एक गॅलन स्पिरिटात दोन पाउंड चपडा विरघळवला की झाला ‘दोन पाउंडाचा कट’. गॅलनसुद्धा त्यांचाच धरायचा, पावणेचार लिटरचा. इंग्रजांचा साडेचार लिटरचा धरलात तर मुसळ केरात. चपड्याची लाख झारखंड-छत्तीसगडातल्या कुसुम, पळस आणि बोरीच्या फांद्यांवरची, नाव फ्रेंचांचं, माप अमेरिकेचं, ज्याला लावायची ते वाद्य स्पेनचं. आणि ही सगळी मंडळी एकत्र आणायची कोथरूडमधल्या एका गॅलरीत. माझ्या भाच्याने हा घाट घातला तेव्हा त्याला कोणी अडवलं नाही, कारण गिटार करायची म्हणजे लाकूड कापायचं आणि चिकटवायचं, एवढीच आमची समजूत. ते काम त्याने झकास केलं. त्यापुढे पॉलिश नावाचं एक प्रकरण असतं, याची कल्पना घरात त्याच्याशिवाय कोणालाच नव्हती.

भाचा इंजिनिअर. त्याने आधी नाजूक काटा आणला. लिटरला २४० ग्रॅम, म्हणजे पाव लिटरला ६०. चपड्याचे पातळ पापुद्रे बरणीत टाकले, वर स्पिरिट ओतलं, रात्रभर मधूनमधून हलवलं, सकाळी मलमलीतून गाळून घेतलं. लावून पाहिलं तर दाट वाटलं, म्हणून थोडं स्पिरिट घातलं. मग फारच पातळ दिसायला लागलं, म्हणून थोडा चपडा. तो विरघळायला पुन्हा एक रात्र, सकाळी पुन्हा दाट. या पद्धतीने मिश्रण बिघडत मात्र कधीच नाही, फक्त वाढत जातं. बरणीची बाटली झाली, बाटलीच्या बाटल्या झाल्या.

“पाक एकतारी झालाय की दोनतारी, हे मी काट्यावर मोजते का रे?” माझ्या बहिणीने स्वयंपाकघरातून विचारलं. “बोटांत धरून बघ की.”

तिला ठाऊक नाही, पण या बाबतीत तिच्या पाठीशी मोठा माणूस उभा आहे. आजच्या क्लासिकल गिटारला जिने रूप दिलं ती करणी अंतोनियो दे तोरेसची. आल्मेरियाकडचा हा सुतार १८१७ साली जन्मला आणि १८९२ साली गेला. त्याला गुपित विचारलं तेव्हा त्याने अंगठा आणि तर्जनीची टोकं दाखवली, आणि हे मागे ठेवून जाता येत नाही म्हणाला, असं सांगतात. याच तोरेसने १८६२ साली एक गिटार अशी केली की तिची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या. ती बार्सेलोनाच्या संग्रहालयात आहे. आवाजाचं खरं काम वरची फळी करते, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. ही फळी बहुधा स्प्रूसची, जाडी जेमतेम दोन ते अडीच मिलिमीटर. तिच्यावर टेबलाला लावतो तसं जाडजूड पॉलिश थापलं तर ती थरथरायची कशी? म्हणून लाख, आणि तीही नावापुरती. एका गिटारला शेवटी जेवढी लाख लागते ती सहज मुठीत मावेल. भाच्याकडे तेव्हा आख्ख्या सोसायटीच्या दारांना पुरेल इतकी होती.

मग आमच्या ओळखीचे एक पॉलिशवाले मिस्त्री आले. पेठांतल्या वाड्यांची कपाटं चमकवण्यात त्यांची हयात गेली. गिटारला त्यांनी आधी हात लावला नाही, फक्त उलटसुलट करून दाखवायला सांगितली. पाठीचं लाकूड आपल्याकडचंच, शिसवी, हे कळल्यावर त्यांचा चेहरा थोडा सैल पडला.

“दादा, ते पाउंडबिंड राहू द्या,” ते भाच्याला म्हणाले. “काका, एखादं जुनं धोतर आहे का?”

धोतराचा शिवण नसलेला तुकडा, आत कापूस, वरून पीळ देऊन घट्ट केलेला बोळा. कपड्याला एक सुरकुती राहिली तर ती लाकडावर उमटते, म्हणून बोळ्याचं तोंड त्यांनी दोनदा सोडून पुन्हा बांधलं. त्यात लाख सोडली, वर थोडं स्पिरिट, आणि बोळा स्वतःच्या मनगटामागे दाबून पाहिला. कातडी ओलसर व्हायला हवी, ओघळ येता कामा नये. मग खोबरेलाचं एक बोट फिरवलं आणि फळीच्या काठाबाहेरून हात चालता ठेवूनच आत शिरले. थांबायचं नाही, थांबलात की बोळा चिकटला, आणि चिकटला की खालचा थर घेऊनच सुटतो, कारण नवं स्पिरिट जुन्या लाखेला पुन्हा विरघळवतं. गोल, मग इंग्रजी आठ, मग सरळ. बोळ्याच्या मागे धुरकट वाफेचा एक पट्टा उमटत होता आणि क्षणात विरत होता. मिस्त्री त्याच्याकडे बघत होते, लाकडाकडे नाही. पट्टा रेंगाळला तर ओलं फार, उमटलाच नाही तर कोरडं. हाच त्यांचा काटा.

“पहिले हात दाट, मग पातळ, मग आणखी पातळ. शेवटचा हात नुसत्या स्पिरिटाचा. त्यात लाख नाहीच.”

शेवटच्या हातात पॉलिशच नसतं, हे ऐकून भाचा वहीत लिहायचा थांबला. त्या हाताने आतलं तेल वर येऊन निघून जातं आणि चकाकी उघडी पडते. लावण्यापेक्षा काढून घेण्यात कौशल्य असलेली आणखीही कामं असतील, मला चटकन संपादनाचं काम आठवलं.

स्पिरिटाच्या वासाची चर्चा जिन्यात व्हायची ती झालीच. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात भाच्याची चौकशी केली. त्यांचाही दोष नाही. मुंबई दारूबंदी कायद्याच्या, म्हणजे १९४९ च्या त्या कायद्याच्या व्याख्यांमध्ये लॅकर आणि व्हार्निशच्या पंगतीला फ्रेंच पॉलिशचंही नाव आहे, कारण त्या काळात ते पिणारे लोक होते. पॉलिशसाठीचं स्पिरिट मुद्दाम पिण्यालायक ठेवलेलं नसतं, हे आजोबांना मी समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण भाच्याच्या डोळ्यांकडे दोन दिवस बारकाईने बघत होते.

तेही एकदाचं निभावलं. पावसाळा तोंडावर होता ती खरी धास्ती. हवेतला ओलावा थरात अडकला की पॉलिश पांढरं पडतं, म्हणून मिस्त्री मृगाच्या आधीच काम उरकतात. मिरजेच्या सतारमेकरांनाही हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. त्यांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपल्याकडे गाण्यात लाख किती मुरलीय याची मला आठवण झाली. बालगंधर्वांची पदंसुद्धा लाखेतच कोरलेली होती की. ७८ च्या तबकड्या लाख आणि दगडाची पूड कालवूनच व्हायच्या. पडल्या की फुटायच्या, म्हणून आजोळी त्यांना आम्हा मुलांचा हात लागू देत नसत.

गिटार आता खुंटीला आहे. तिच्याजवळ चहाचा कप आणि कुठलाही ग्लास न्यायला बंदी. गरम कपाने डाग पडतो, आणि दारूच्या एका थेंबाने थर विरघळतो, मग ती कितीही महागाची असो. थर मुरायला काही आठवडे द्यायचे, मगच तारा चढवायच्या.

उरलं ते बाटल्यांचं. स्पिरिटात पडून राहिलेली लाख त्याच्याशी हळूहळू एकजीव होते आणि काही महिन्यांनी लावली तर वाळतच नाही, चिकट राहते. म्हणजे ठेवून उपयोग नाही, आणि टाकून द्यायला जीव होत नाही. भाच्याने आधी देव्हारा घेतला, मग चौरंग, पाट, रेडिओचं जुनं खोकं, माझी काठी. काठी आता इतकी गुळगुळीत झालीय की मी ती फिरायला नेत नाही. काल तो हातात बोळा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, तेव्हा बहिणीने पोळपाट उचलून पाठीमागे धरला.