ओरडायची शिकवणी

चाळीत वाढलेल्या बाईचा आवाज तीन मजले सहज चढतो. खालून जाणाऱ्या कोथिंबीरवाल्याला थांबवायचं, गच्चीवर पतंगात रमलेल्या पोराला जेवायला खाली आणायचं, नळाला पाणी आल्याची वर्दी समोरच्या बिऱ्हाडाला द्यायची, ही सगळी कामं माझ्या आईनं गिरगावात मुगभाटातल्या गॅलरीत उभं राहून, जागचं न हलता केली. मीही तिचीच मुलगी. पण हाच आवाज दादरच्या पुलावर, गर्दीचा फायदा घेणाऱ्या एखाद्या सद्‌गृहस्थाविरुद्ध लावायची वेळ आली की घशातून निघतं ते एवढंच : "अहो, जरा सरकता का?" अंगचटीला येणाऱ्या माणसालाही आम्ही अहोजाहो करतो. वर 'प्लीज' लावतो.

या दुखण्यावर ज्युदो हा उतारा आहे असं मैत्रिणीनं सांगितलं आणि पन्नाशी उलटल्यावर मी लालबागला वर्ग लावला. आमचे 'हे' म्हणाले, "चोराला पळवायला एवढी मेहनत कशाला? तू नुसता महिन्याचा हिशेब विचारलास तरी पळेल." आमचे काका कराडचे. त्यांच्याशी कुठलाही विषय काढा, तिसऱ्या वाक्याला गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव येतात आणि चौथ्या वाक्याला १९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिक. "आपली कुस्ती काय वाईट आहे, म्हणून ही जपानी थेरं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काका, हेलसिंकीत खाशाबांच्याच वजनात सुवर्णपदक घेऊन गेला तो शोहाची इशी मूळचा ज्युदोवाला. महायुद्धानंतर जपानात ज्युदोवर बंदी आली, म्हणून तो कुस्तीकडे वळला." काका बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "असं आहे होय? मग शीक. आपल्याकडचं उट्टं काढायचं राहिलंय."

वर्ग भरतो एका मंडळाच्या हॉलमध्ये. खाली व्यायामशाळा, वर हॉल. कपाटावर लेझमी आणि ढोल, भिंतीवर मारुती आणि मारुतीच्या शेजारी ज्युदोचे जनक जिगोरो कानो. गुरुपौर्णिमेला दोघांनाही हार असतो, दोघांपुढेही पेढा असतो. आमचे सर मूळचे मालवणकडचे, जन्मले परळला, वडील गिरणीत. ते आज्ञा जपानीत देतात आणि शिव्या मालवणीत. श्रावण सरत आला की दारावर फळा लागतो : 'गणेशोत्सवानिमित्त स्वसंरक्षण अनंत चतुर्दशीपर्यंत बंद.' लालबागला वर्षातली सगळ्यात मोठी धक्काबुक्की होते ती नेमकी याच दिवसांत. मी सरांना हे बोलून दाखवलं, तर हात जोडून म्हणाले, "बाप्पा आसा मा!"

कानोंनी १८८२ साली टोकियोतल्या एइशोजी नावाच्या देवळात कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, तेव्हा त्यांच्याकडे बारा चटयांची जागा होती, म्हणजे चाळीतल्या जेमतेम दोन खोल्या. अंगानं किरकोळ, लहानपणी दांडग्या मुलांचा जाच सोसलेला हा माणूस पेशानं शिक्षक. जुन्या जुजुत्सूतले जीवघेणे डाव बाजूला काढून त्यांनी उरलेल्याचा रीतसर अभ्यासक्रम केला, आणि त्या अभ्यासक्रमाचा पहिला धडा म्हणजे पडणं.

पहिले कित्येक आठवडे आम्ही नुसत्या पडत होतो. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, पाठ गोल, आणि गादीला टेकता टेकता दोन्ही हातांची सणसणीत चापट. चापटीमुळे दणका हातांवर वाटला जातो आणि डोकं आपटत नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय शिकवलं मग?" म्हटलं, "पडायला." "त्याला फी घेतात?" काकू गार. पण काकूंना काय सांगू, या वयात बाईमाणसावर हल्ला करणारा पहिला गुन्हेगार म्हणजे न्हाणीघरातली ओली फरशी. ती पाळत ठेवून असते आणि तिच्याविरुद्ध तक्रारही नोंदवता येत नाही.

पडून झाल्यावर मनगट. पकड सोडवायला ताकद लागत नाही, मुठीची कच्ची बाजू माहीत असावी लागते. चार बोटं एकीकडे असतात आणि अंगठा बिचारा एकटा. आपलं मनगट असं फिरवायचं की हाडाची अरुंद कड बोटं आणि अंगठा यांच्यातल्या फटीसमोर येते. मग हात मागे खेचायचा नाही, उलट एक पाऊल पुढे टाकून कोपर समोरच्याच्या अंगावर न्यायचं. पकड आपोआप उघडते. पहिल्यांदा सुटते तेव्हा फार मजा वाटते.

अडचण एकच, सरावासाठी कुणीतरी आपला हात धरावा लागतो. माझी जोडीदारीण म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. त्या माझं मनगट धरायच्या आणि विचारायच्या, "लागत नाही ना हो?" मी म्हणायचे, "छे छे, धरा तुम्ही बिनधास्त." "बांगडी रुतत असेल तर सांगा हं." सर लांबून ओरडले, "अगो बाय, तू चोर आसस, व्याहीण नाय!"

याहून बिकट प्रसंग ओरडण्याचा. डाव टाकताना पोटातून आवाज काढायचा असतो, त्याला किआई म्हणतात. त्यानं समोरचा क्षणभर दचकतो आणि आपला श्वास कोंडत नाही. सरांनी एकेकीला उभं केलं. पहिलीचा आवाज शिंकेसारखा आला. दुसरी "अगं बाई!" म्हणाली आणि पदर सावरण्यासाठी हात खांद्याकडे नेला, अंगात ज्युदोचा जाड पांढरा डगला आहे हे विसरून. मी काढलेला आवाज मलाही ऐकू आला नाही. शेवटी मुख्याध्यापिका पुढे आल्या, डोळे मिटले आणि गरजल्या, "शांतताऽऽ!" हॉल चिडीचूप झाला. खालच्या व्यायामशाळेतल्या पोरांनी डंबेल्स खाली ठेवल्याचे आवाज लागोपाठ आले. सर म्हणाले, "ह्यो आवाज! प्रत्येकीन आपलो आपलो शोधायचो." त्या रात्री आमच्या चाळीत तीन बिऱ्हाडांचे दिवे अवेळी लागले. मी गॅलरीत उभी राहून शोध घेत होते.

सर अधूनमधून गोष्टी सांगतात. कोदोकाननं १९४३ साली खास स्त्रियांसाठी स्वसंरक्षणाचे डाव बसवले, त्यांचं नाव 'जोशी गोशिनहो'. आमच्या वर्गात जोशी दोन आहेत. त्या दिवसापासून दोघी हक्कानं पहिल्या रांगेत उभ्या राहतात. दुसरी गोष्ट केइको फुकुदांची. कानोंच्या गुरूंची ही नात, उंची पाच फुटांच्या आत. १९५३ साली बाईंना पाचवी दान, म्हणजे काळ्या पट्ट्याची पाचवी पायरी, मिळाली आणि तिथंच गाडं अडलं, कारण बायकांना त्यापुढे न्यायचंच नाही असा कोदोकानचा नियम. नियमाविरुद्ध पत्रांची मोहीम झाली, तेव्हा कुठे १९७२ साली सहावी. एकाच पायरीवर १९ वर्षं! हे ऐकून वर्गातल्या नोकरीवाल्या बायकांनी एकमेकींकडे असं पाहिलं की सरांनी विषय बदलला. २०११ साली अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेनं फुकुदाबाईंना सर्वोच्च अशी दहावी दान दिली, तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या. मला अजून पिवळाच पट्टा मिळालाय. तो गॅलरीत वाळत घातलेला पाहून सासूबाई म्हणाल्या, "आता या वयात परत हळद?"

मग दिवाळीच्या आधी एकदा दादरच्या पुलावर, फुलबाजाराच्या बाजूला उतरताना, मागून एक हात पुन्हा पुन्हा 'चुकून' लागू लागला. कानो, फुकुदा, अंगठा, कोपर, काही म्हणता काही आठवलं नाही. शिवाय डावासाठी एक पाऊल पुढे टाकावं लागतं आणि तेवढी जागा त्या पुलावर कुठली? पण पोटातून आवाज निघाला : "मागे हो!" आसपासची सगळी माणसं एकदम मागे सरकली. कानाला हेडफोन लावलेला कॉलेजचा मुलगाही सरकला. हाताचा मालक मान खाली घालून आल्या वाटेनं परत फिरला. शेवंतीची पाटी डोक्यावर घेतलेला फुलवाला तेवढा जागेवर थिजला. "मावशी, मी काय केलं?" म्हटलं, "काही नाही रे, तू चल पुढे." मोकळ्या झालेल्या जिन्यावरून आम्ही दोघं ऐटीत खाली उतरलो.

तेव्हा बायांनो, वर्ग जरूर लावा. पहिल्याच दिवशी लाथ शिकवणाऱ्याकडे जाऊ नका, आधी पडायला शिकवणारा शोधा. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं बचावाचा हक्क देतात, पण गरजेपुरताच. पळणाऱ्या चोराला परत बोलावून राहिलेला डाव पूर्ण करायचा नसतो. ११२ हा नंबर पाठ असू द्या, रेल्वेत १३९. आणि फी भरण्याआधी घरात एकदा बेंबीच्या देठापासून ओरडून बघा. शेजाऱ्यांनी धावत येऊन दार वाजवलं, तर निम्मा अभ्यासक्रम झाला समजा.