आनंद अपलोड झाला का, गुरुजी?

शनिवारी लेकरांना आनंद झाला, इथपर्यंत ठीक. पण झाला याला पुरावा काय? ‘आनंददायी शनिवार’ आला, तसा आनंदही कागदावर घेणं आलं. पुरावा म्हणजे फोटो. तोही साधा चालत नाही. खाली तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश उमटलेला लागतो. जिंतूर तालुक्यातल्या कुठल्याही द्विशिक्षकी शाळेच्या गुरुजींना झोपेतून उठवा. शाळा 19 अंश उत्तर, 76 अंश पूर्व, आणि दशांशापुढचे सगळे आकडे घडाघडा म्हणून दाखवतील. चौथीच्या पोराला हातच्याची वजाबाकी येते का, हे मात्र विचारू नका. वजाबाकी फोटोत येत नाही.

फोटोवरची ही श्रद्धा आजची नाही. 2016 सरता सरता फर्मान निघालं होतं की गुरुजींनी मुलांचे गट करून त्यांच्यासोबत सेल्फी काढायचे आणि चढवायचे. म्हणजे पोरं शाळेत येतात का ते कळेल. ओरड झाली, सेल्फी थंडावला. मग 2022 मध्ये कुणाच्या तरी डोक्यात आलं, पोरांचं राहू द्या, गुरुजी तरी येतात का? तेव्हा वर्गाच्या भिंतीवर गुरुजींचाच रंगीत फोटो लावायचा ठरला, ए-फोर आकाराचा. दोन्ही मिळून व्यवस्था अशी परिपूर्ण झाली की खरी पोरं आणि खरे गुरुजी यांची गरजच उरू नये.

आणि ती उरतही नाही. दोन शिक्षकांपैकी एक केंद्रावर बैठकीला गेलेले. दुसरे फोटो घेऊन माळावर, कारण रेंज शाळेत येत नाही, माळावरच्या लिंबाखाली येते. चार इयत्ता मिळून वर्गात उरतात ते भिंतीवरचे गुरुजी. पण त्यांचं एक बरं आहे. रजा मागत नाहीत, मारत नाहीत, प्रशिक्षणाला जात नाहीत.

प्रत्येक शाळेत एक फोटोतली पोरगी असते. गणवेश धड, केसांना तेल, लाल रिबिनी, आणि सांगितलं की हसते. 21 जूनला ती ताडासनात उभी. पावसाळ्यात रोपाशेजारी बसलेली. खड्डा गेल्या वर्षीचाच, रोप तेवढं नवं. 15 ऑक्टोबरला तिची खरी तारांबळ, कारण त्या दिवशी वाचन प्रेरणा दिन असतो आणि जागतिक हात धुण्याचा दिवसही असतो. आधी हात धुतले तर पुस्तक ओलं होणार. पुस्तक तर परत पेटीत ठेवायचंय. म्हणून आधी वाचन. पुस्तक मिटून छातीशी धरायचं, मुखपृष्ठ बाहेर, मान किंचित तिरकी, झालं वाचन. लगेच हौदापाशी, साबण एक, हात दहा, फेस दिसला पाहिजे. अशी ती दरवर्षी वाचते आणि हात धुऊन मोकळी होते. 26 नोव्हेंबरला तिच्या हातात संविधानाची प्रास्ताविका. तोवर दिवाळी उलटून निम्मं गाव ऊस तोडायला गेलेलं असतं, मागच्या रांगा रिकाम्या. पण त्यालाही तोड आहे: फोटो जवळून काढायचा. पट भरलेला दिसतो, पोरगी हसलेली दिसते, साखर कारखान्याच्या वाटेवर बैलगाडीत बसलेली तिची मैत्रीण चौकटीबाहेर राहते. चार वर्षं प्रेरणा घेऊन घेऊन ही पोरगी पाचवीला जाते, आणि त्या पुस्तकात मुखपृष्ठाच्या आत काय होतं हे तिला ठाऊक नसतं. कारण पान उलटायला कुणी सांगितलंच नाही. पान उलटताना हात हलतो, आणि हात हलला की फोटो बिघडतो.

हसू येत असेल तर थोडं आवरा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं 27 वं कलम सांगतं की शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम लावायचं नाही. त्या यादीत फोटोग्राफी नाही. याच कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास शिकवणं ठरवलं. त्यातले तास कॅमेऱ्याला किती गेले याचा रकाना कुठल्याच अर्जात नाही. पोषण आहारात पोरामागे 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. पोटात काय जावं हे ग्रॅममध्ये ठरलेलं. डोक्यात आज काय गेलं, हे संध्याकाळी कुणी विचारत नाही.

अहो, विचारायला लागतं काय? न कळवता या. चौथीच्या पोरीशेजारी सतरंजीवर बसा. तिसरीचं पुस्तक मध्येच कुठंतरी उघडा, एक परिच्छेद वाचायला लावा, मग विचारा, ‘बाई, यात काय झालं, सांग बघू.’ पाच मिनिटांचं काम, रेंज नको, ॲप नको. पण हे कुणी करायचं नाही, कारण ती अडखळली तर पुढचा प्रश्न निघतो. चार इयत्तांपुढं एकच माणूस कुणी उभा केला? तोही अर्धा दिवस माळावर कुणी धाडला? पोरगी अडखळते तेव्हा नापास कोण होतं, ते सगळ्यांना पक्कं माहीत आहे. फोटो बिचारा उलट काही विचारत नाही. म्हणून तो तालुक्याला आवडतो, जिल्ह्याला आवडतो आणि वर मुंबईलाही आवडतो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या आपल्या जिल्ह्यात लेकरांनी परिच्छेदभर मराठी वाचावं, एवढीच अपेक्षा आहे. जर्मन नको.

या सदराचा उपयोग काय होईल तेही ठाऊक आहे. कात्रण फिरेल, जिंतूरकडच्या एखाद्या गुरुजींच्या मोबाइलवर जाऊन आदळेल आणि खाली ओळ असेल: ‘आपल्या शाळेत विद्यार्थी वाचतात, याबाबतचा खुलासा आजच सादर करावा. सोबत फोटो जोडावा.’