पहिलं नाही तर दुसरं द्या

सोर्ड्स, डब्लिन
७ जुलै २०२४

तीर्थरूप अप्पांस,


दादाचा फोन आला होता. शिक्षक मतदारसंघाचं मतदान २६ जूनला कसं उरकलं, जांभळ्या स्केचपेनाने १, २, ३ कसे लिहिले आणि मोजणीला किती वेळ लागला, सगळं रंगवून सांगितलं. मग ऐटीत विचारतो कसा, "तुमच्या तिकडे असलं काही असतं का गं?" असतं म्हणावं. आणि इथे त्यासाठी मास्तर असावं लागत नाही.

७ जूनला इथे स्थानिक निवडणुका झाल्या. देशभरात ३१ कौन्सिलं आणि ९४९ जागा. आयर्लंडचं नागरिकत्व नसलं तरी चालतं. वय अठरा, मुक्काम इथे आणि यादीत नाव, एवढ्यावर मत देता येतं. त्याच दिवशी युरोपच्या संसदेचंही मतदान होतं, पण ती पत्रिका आपल्या वाट्याची नाही. शेजारणीला दोन कागद मिळाले, मला एक. पंगतीत जिलबीचं ताट आपल्याला वगळून पुढे गेल्यासारखं झालं. पण अप्पा, लोकसभेला तुम्ही १३ मेला मत दिलंत, धुळ्याच्या मामांनी २० मेला. नगरसेवक निवडायचा मान मात्र मलाच मिळाला. तुमच्या जळगाव महापालिकेवर गेल्या सप्टेंबरपासून प्रशासक बसलाय आणि झेडपीवर २०२२ पासून. गटार तुंबली तर शिव्या द्यायला तुमच्याकडे हक्काचा माणूस उरला नाही. मी इथे सात निवडून ठेवलेत.

हो, सात. आमच्या वॉर्डात जागाच सात आहेत आणि पत्रिका हातभर लांब. त्यामुळे महिनाभर दारावरची बेल वाजत होती. ना ढोलताशा, ना रिक्षावरचा भोंगा. उमेदवार एकटाच, फार तर एक माणूस बरोबर, भिजत उभा. आधी खड्ड्यांचं विचारणार, मग हळूच, "पहिलं मत कोणाला द्यायचं ठरलंय का? ठरलं असेल तर निदान दुसरं मला द्या." ह्यांना नाही म्हणता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. ह्यांनी येईल त्याला दुसरं मत देऊन टाकलं. आपल्याकडे एवढा दोन नंबरचा व्यवहार केला असता तर घरी पोलीस आले असते.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. विरोधकाच्या मतदाराकडेच दुसरं मत मागायचं म्हटल्यावर त्या विरोधकाला चोर, गद्दार म्हणायची पंचाईत होते. म्हणून इथले उमेदवार एकमेकांबद्दल बोलताना सोयरीक मोडायला नको अशा बेताने बोलतात. आपल्याकडच्या प्रचारसभांना हे पथ्य लावलं तर भाषणं पाच मिनिटांत आटपतील.

मतदान शाळेत. सकाळी ७ ते रात्री १०. बाईंनी यादीत नाव शोधलं, पट्टी धरून त्यावर रेघ मारली आणि पत्रिकेवर शिक्का उठवून दिली. तो शिक्का नसेल तर मत बाद. पत्रिकेवर आडनावांच्या क्रमाने नावं, शेजारी फोटो आणि पक्षाचं बोधचिन्ह. अपक्षाला कपबशी नाही, शिट्टी नाही, छताचा पंखाही नाही. आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल. आवडत्याला १, त्यानंतरच्याला २, वाटेल तिथवर आकडे घालत जायचं. शाई मात्र नाही! संध्याकाळी काकूंचा व्हिडिओ कॉल, "मतदान व्हई गे का? बोट दखाड!" कोरं बोट दाखवलं तर त्यांना वाटलं, आम्ही दिवसभर झोपा काढल्या.

खरी मजा मोजणीची. शेजारीण एका पक्षाचं काम करते, तिने ह्यांना पास मिळवून दिला. कठड्यापलीकडे कर्मचारी पत्रिका उलगडतात आणि अलीकडे सगळ्या पक्षांची माणसं वाकून, वहीत काट्या मारत, पहिलं मत कुणाला पडलं ते टिपतात. पुढे वह्या एकमेकांना दाखवून बेरजाही करतात! दुपारपर्यंत कोण तरणार, कोण बुडणार याचा अंदाज हातात येतो.

हिशोब तुम्हाला आवडेल. जागा सात, म्हणून वैध मतं आठाने भागायची आणि एक मिळवायचा. तो कोटा. एवढी मतं सात जणांनाच मिळू शकतात, आठव्याला उरत नाहीत. दादाच्या मतदारसंघात जागा एकच, म्हणून तिथे निम्म्यावर एक. कोट्याच्या वर गेलेली मतं पुढच्या पसंतीला जातात. तळाचा उमेदवार बाद झाला की त्याच्या पत्रिका दुसऱ्यांच्या गठ्ठ्यात. फेरीमागून फेरी, रात्रीपर्यंत. रबरी शिक्का दोन नावांच्या मधल्या रेघेवर पडला म्हणून तुम्ही ड्युटीवर तासभर वाद ऐकत बसायचात, तो प्रकार इथेही आहे. फक्त इथे वाद १ आहे की ७ यावर.

मशीन का नाही, असं मामा विचारतील. आणली होती. २००२ मध्ये तीन मतदारसंघांत वापरली, त्यातला एक आमचाच, डब्लिन नॉर्थ. निकाल क्षणात लागला आणि माजी न्यायमंत्री नोरा ओवेन यांना आपण पडल्याचं भर मंचावर कळलं. कागदी मोजणीत पडणाऱ्याला चेहरा सावरायला दुपारभर मिळते. पुढे सुमारे साडेसात हजार मशीन घेतली, पाच कोटी युरोंहून जास्त खर्च झाला, आणि २००४ मध्ये त्यांच्या तपासणीसाठी नेमलेल्या आयोगाने भरवसा देता येत नाही म्हटल्यावर ती गोदामात पडली. २०१२ मध्ये सगळी भंगारात गेली, सुमारे सत्तर हजार युरोंना. जळगावच्या भंगारवाल्याने निदान घासाघीस तरी केली असती! (ती मशीन वेगळी, आपली वेगळी. दादा-मामांचं भांडण मला इथून पेटवायचं नाही.)

पोस्टरं मतदानानंतर सात दिवसांत उतरवावी लागतात, नाहीतर दंड. आणि हो, आणखी एक बातमी. पलीकडच्या साउथ डब्लिन कौन्सिलचे नवे महापौर बेबी पेरेप्पाडन मूळ केरळचे आहेत, हे कळल्यापासून हे आरशासमोर जरा जास्त वेळ उभे राहतात. आईला सांगू नका.

एक काम करा. महापालिकेची यादी लागेल तेव्हा आईचं नाव आधी बघून घ्या. आणि दादाने दुसरी पसंती कुणाला दिली तेवढं काढून घ्या. पहिली तो सांगणार नाही.

आपली आज्ञाधारक,
मंजू