चाळणीवरचे शिंपले

भोपाळच्या तुलसी नगरात सरकारी क्वार्टरसमोर वाळूचा ढीग पडला, की पोरं आधी पोचतात, गवंडी मागाहून. वाळू बहुधा नर्मदेची. ती चाळली की चाळणीवर खडे, काड्या आणि नखाएवढे शिंपले उरतात. ते निवडत बसणं हा रिकाम्या माणसाचा उद्योग आहे, म्हणूनच मला तो मानवतो. शेजारचे काका मात्र म्हणतात, "अहो, शिंपला तो शिंपला. त्यात काय निवडायचं?"

पहिली निवड सोपी. आतून मोत्याची झाक असली, तर तो बहुतेक लॅमेलिडेन्स किंवा पॅरेसिया. यांची पिल्लं बालपण माशांच्या अंगाला, बहुधा कल्ल्यांना, चिकटून काढतात. भाडं अर्थातच देत नाहीत. आतून मोत्याची चमक नाही, कधी जांभळट छटा, बाहेर एकात एक वळ्या आणि बिजागरीत प्रत्येक झडपेला तीन छोटे दात, म्हणजे कॉर्बिक्युला. मसुराएवढाच असला तर पिसिडियम असू शकतो, आणि मग भिंग आणावं लागतं.

इथवर काकाही रमतात. पण कॉर्बिक्युलाची जात कोणती, असं विचारलं की लग्नघरातल्या चुलतभावंडांसारखी गत होते: नाक एकाचं, कपाळ दुसऱ्याचं, आणि मुलगा नक्की कुणाचा ते आत्याच सांगणार. ओटो म्यूलर या डॅनिश पंडितानं 1774 साली फ्लुमिनिया आणि फ्लुमिनॅलिस अशा दोन जाती नोंदवल्या. नावांतही फरक शेवटच्या अक्षरांचाच. एकीच्या वळ्या विरळ, दुसरीच्या दाट. एक रुंद, दुसरी उंच. कागदावर हे छान दिसतं. पण पाण्याची ओढ आणि तळाची वाळू बदलली की शिंपल्याचा घाटही बदलतो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या बुर्गिन्या यांच्या पंथानं असा प्रत्येक घाट वेगळी जात मानली आणि नावांचा पाऊस पाडला. पुढच्या अभ्यासकांची हयात ती नावं खोडण्यात गेली. मला मात्र बुर्गिन्यांबद्दल ममता वाटते. फरक दिसला की नाव द्यायचा मोह कुणाला होत नाही?

मग डीएनए तपासून निकाल लावावा म्हटलं, तर कॉर्बिक्युलानं तिथंही पंचाईत करून ठेवली आहे. हिच्या कित्येक वंशांत अंड्यातली आईची गुणसूत्रं बाहेर टाकली जातात आणि पिल्लात केवळ बापाची उरतात. आईकडून येतात फक्त मायटोकॉन्ड्रिया आणि त्यांतला डीएनए. एका वंशाचं बीज दुसऱ्याच्या अंड्यात शिरलं, तर पेशीतले काही कागद एका घराण्याचे आणि दुसरे भलत्याच घराण्याचे. आत्याचाही इलाज खुंटला.

तेव्हा माझा सल्ला साधा आहे. डबीवर चिठ्ठी लावताना 'कॉर्बिक्युला, नर्मदेची वाळू' एवढंच आणि तारीख लिहा. जातीची जागा कोरी ठेवा.