पालपट्टी भरून लूट

हल्ली चाच्याला नुसतं लुटून भागत नाही. त्याला बालपण लागतं, फसलेलं प्रेम लागतं, व्यवस्थेवरचा राग लागतो. 'ट्रेझर आयलंड'मधला कॅप्टन फ्लिंट मूळ कादंबरीत गोष्ट सुरू व्हायच्या आधीच रम पिऊन मेलेला. त्याच्या नावाचा पोपट तेवढा हयात. 'ब्लॅक सेल्स' या मालिकेने 2014 मध्ये या मेलेल्या माणसाला उठवून बसवलं आणि 38 भागांचं काम दिलं. लंडनमध्ये चिरडलेलं प्रेम दिलं, साम्राज्याशी वैर दिलं, खून करण्याआधी क्षितिजाकडे बघायला भरपूर वेळ दिला. कादंबरीतल्या एकपायी लाँग जॉन सिल्व्हरचा पाय जाण्यालाही दोन हंगामांची प्रतीक्षा. याला म्हणे 'डार्क' रूपांतर म्हणतात. डार्क तर आहेच. माळव्यातल्या आमच्या टोंकखुर्दला भर दुपारी मोबाइलवर लावून बघा, पडद्यावर आपलंच तोंड दिसतं.

स्टीव्हन्सनची मूळ 'ट्रेझर आयलंड' 1881 मध्ये 'यंग फोक्स' या मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. त्या मुलांच्या गोष्टीत काय आहे? सिल्व्हर बंडात सामील न होणाऱ्या खलाशाच्या पाठीत कुबडी फेकून मारतो आणि तो पडल्यावर एका पायावर झेप घेऊन त्याला सुरी खुपसतो, एकदा नव्हे, दोनदा. झाडीत लपलेला पोरगा हे बघत असतो. बिचाऱ्या स्टीव्हन्सनला निळसर प्रकाश आणि चेलोचं संगीत परवडत नव्हतं, म्हणून त्याचं पुस्तक उजेडातलं ठरलं.

पुस्तकातला खरा अंधार वेगळाच आहे आणि तो कुणी फारसा बघत नाही. खजिना कुणाचा? फ्लिंटने लुटलेल्यांचा. मग तो आणायला जाणारे जमीनदार ट्रेलॉनी आणि डॉक्टर लिव्हसी हे सज्जन कसे? त्यांच्याकडे जहाज विकत घ्यायला पैसे होते, म्हणून. माल मूळ मालकाला परत द्यावा असं त्या बोटीवर एकालाही सुचत नाही. 2012 च्या दोन भागांच्या दूरदर्शनपटात एडी इझार्डने सिल्व्हर रंगवला, त्यात मात्र ट्रेलॉनीला उघड हावरट केलं आहे. तेवढा एक बाण बरोबर बसला.

आता आमच्याकडे या. टोंकखुर्दहून सर्वांत जवळचा समुद्र म्हणजे खंबातचं आखात, तेही साडेतीनशे किलोमीटरच्या पलीकडे. सोयाबीनच्या वावरात गलबत नांगरायची सोय नाही. पण चाचे येऊन गेले, घोड्यावर बसून. पेंढारी. त्यांच्यातला सर्वांत नावाजलेला चितू, त्याचे अड्डे सतवास आणि नेमावर. दोन्ही गावं आज टोंकखुर्दच्याच देवास जिल्ह्यात.

यांची पद्धत बघा. डेरा नाही, सामान नाही, पगारही नाही. दिवसात ऐंशी किलोमीटर घोडा पळवायचा, गावावर पडायचं आणि सैन्य पोचायच्या आत पसार व्हायचं. पुरलेला पैसा कुठे आहे हे घरधनी सांगेना, की घोड्याचा तोबरा घ्यायचा, त्यात गरम राख भरायची, तो माणसाच्या तोंडाला बांधायचा आणि पाठीत गुद्दे घालायचे, म्हणजे श्वास घेताना राख छातीत जाते. नकाशा नाही, फुलीची खूण नाही. खजिन्याचा पत्ता असा काढायचे. मालिकावाल्यांनो, हे दाखवायला अंधार कशाला, भर दुपारचं ऊन पुरे.

बरं, हे सगळं बेकायदा होतं असं समजू नका. शिंदेशाही पेंढारी वेगळे, होळकरशाही वेगळे. लुटीला जायचं तर सरदाराला पालपट्टी भरायची. कर भरला की लूट रीतसर. आपल्याच सरदारांनी दिलेला हा परवाना, हे इतिहासाच्या भाषणांत अलगद गळतं. आणि त्याची झळ कुणाला बसली? देवासच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन्ही पातींच्या पवारांना आणि धारच्या पवारांनाही. म्हणजे मराठ्यांच्या परवान्यावर मराठ्यांचाच मुलूख धुऊन निघाला.

कोकणातला हिशेब उलटा. 'ब्लॅक सेल्स'ची कथा 1715 मध्ये सुरू होते, त्याच साली चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला. कान्होजी आंग्र्यांचा दस्तक न घेता जाणारं जहाज धरलं गेलं की बूनच्या लेखी ती चाचेगिरी. पोर्तुगीज वर्षानुवर्षं असाच परवाना विकत होते, ते मात्र राज्य. बूनने 1717 मध्ये विजयदुर्गावर आणि 1718 मध्ये खांदेरीवर आरमार पाठवलं. दोन्हीकडून हात हलवत परत. पुढे 1756 मध्ये इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला तो पेशव्यांच्या साथीने, तुळाजी आंग्र्यांकडून. आतला माल त्यांनी पेशव्यांना न विचारता आपापसांत वाटून घेतला. चाच्यांचा बंदोबस्त म्हणतात तो हा.

माळव्यातही तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. 1817 मध्ये लॉर्ड हेस्टिंग्जने पेंढाऱ्यांच्या नावाने लाखाहून जास्त फौज जमवली. पेंढारी वीस-तीस हजार. उरलेली फौज कुणासाठी, ते त्याच डिसेंबरात महिदपूरला होळकरांना कळलं. पुण्याला त्याआधीच कळलं होतं.

शेवटी बक्षिसांची वाटणी. लुटीच्या बाबतीत कुणाहून कमी नसलेला अमीर खान इंग्रजांशी तह करून टोंकचा नवाब झाला (राजस्थानातलं टोंक, आमच्या खुर्दाला कुणी नवाब दिला नाही). पेंढाऱ्यांचा दुसरा म्होरक्या करीम खान इंग्रज अधिकारी जॉन माल्कमला शरण गेला आणि गोरखपूरकडे जमीन घेऊन बसला. चितू शरण गेला नाही. 1819 मध्ये असीरगडाजवळच्या जंगलात त्याचा खोगीर चढवलेला घोडा नुसताच चरताना सापडला. खोगिरात 250 रुपये, काही मोहरेच्या अंगठ्या आणि नागपूरच्या आपासाहेब भोसल्यांची इनामाची आश्वासनं देणारी पत्रं. मालक थोडा पुढे सापडला, वाघाने खाऊन उरला तेवढा. आयुष्यभराच्या लुटीतली रोख शिल्लक 250 आणि बाकी येणं. लेखकांच्या टोळीने टेबलाभोवती बसून सुद्धा असा शेवट सुचवला नसता, कारण वाघाला संवाद देता येत नाहीत.

तसे आजही देवास-शाजापूर पट्ट्यात आग्रा-मुंबई रस्त्यावर चालत्या ट्रकवर चढून माल उतरवल्याच्या बातम्या येतात. पोलिसांच्या भाषेत 'ट्रक कटिंग'. या मंडळींना दुखावलेलं बालपण कुणी देत नाही, थेट कलम देतात. 'ब्लॅक सेल्स'मधल्या नसाऊच्या किनाऱ्यावर जन्मायला हवं होतं.

आणि पेंढाऱ्यांमागे धावलेला जॉन माल्कम? त्याने 1823 मध्ये मध्य हिंदुस्थानवर दोन खंडांचा ग्रंथ काढला आणि 1827 मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. महाबळेश्वरची बाजारपेठ त्याच्याच नावाची, माल्कम पेठ. तिथे उभं राहून आपण स्ट्रॉबेरी क्रीम खातो, आणि लूट म्हटलं की आपल्याला सीझनमधले हॉटेलांचे दर तेवढे आठवतात.