तुम्हाला कळतं ना त्यातलं?

आमच्या सोसायटीत कुणाचा प्रिंटर अडला की लोक आधी मला बोलावतात आणि मग दुरुस्तीवाल्याला. या क्रमाचा मला अभिमान आहे. दुसरं बोलावणं मुळात का करावं लागतं, याबद्दल बायकोचं एक मत आहे. पण रजिस्ट्री म्हटलं की तिला फ्लॅटचीच आठवते, त्यामुळे तिच्या मताला तांत्रिक वजन नाही.

खरं दुखणं प्रिंटरचं नाही. माझ्याकडे फार उंची उत्तरं तयार आहेत आणि त्यांच्या लायकीचा प्रश्न कुणी विचारत नाही, हे दुखणं आहे. एसएसडी घ्यायची तर डीरॅम कॅश असलेली घ्यावी की नसलेली, यावर मी झोपेतून उठवलं तरी पाऊण तास बोलेन. प्रत्यक्षात मला झोपेतून उठवतात ते "अहो, ते हिरवं गेलं हो, इथेच होतं" एवढ्यासाठी. हिरवं म्हणजे व्हॉट्सॲप आणि गेलं म्हणजे पुढच्या पानावर गेलं. मी ते बोटाने ओढून जागेवर आणतो, समोरच्या आजी "देव तुमचं भलं करो" म्हणतात, हातावर बेसनाचा लाडू ठेवतात. हे कुणालाही जमेल असं सांगायला काय हरकत आहे? पण नाही. मी चष्मा कपाळावर चढवतो, फोन जरा लांब धरून पाहतो आणि म्हणतो, "हं. सेटिंग हललं होतं." सेटिंग हललं होतं या वाक्यावर मी या इमारतीत निम्मी प्रतिष्ठा कमावली आहे. उरलेली निम्मी "एकदा बंद करून चालू करा"वर.

आणि प्रश्नाआधी ते वाक्य येतंच: "तुम्हाला कळतं ना त्यातलं?" या 'त्यातलं'मध्ये वायफाय, इन्व्हर्टर, गॅस गीझर, आधार कार्डावरचा चुकलेला पत्ता आणि नातवाचं इंजिनिअरिंगचं ॲडमिशन एवढं सगळं येतं. नाही म्हणायची छाती मला अजून झालेली नाही.

माझ्या जातीची माणसं मला भेटतात ती रविवारी सकाळी, स्टेशनजवळच्या टपरीवर. आम्ही चौघे. एक बँकेतला, एक निवृत्त शिक्षक, मी, आणि एक खरोखर सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा. तो सगळ्यांत कमी बोलतो. आमच्यात बातमी आधी कुणी आणली याला फार किंमत आहे; ती समजली का, हा प्रश्न चहा संपेपर्यंत निघत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरची विंडोज मशिनं निळी पडली, तो दिवस आमच्या आयुष्यातल्या मोठ्या सणांत जमा आहे. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशिनं. विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. मला त्याचं कारण माहीत होतं, उपायही माहीत होता (सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल हाताने उडवायची, प्रत्येक मशिनपाशी स्वतंत्रपणे बसून), आणि मी दिवसभर जिन्यातून उगाच वर-खाली करत होतो, कुणीतरी विचारेल म्हणून. संध्याकाळी एका गृहस्थांनी थांबवलं. म्हणाले, "बरं झालं भेटलात. लिफ्ट का हो बंद आहे?"

२०२५ च्या डिसेंबरात मायक्रॉनने जाहीर केलं की 'क्रूशियल' या नावाने तुम्हा-आम्हाला रॅम विकणं ते बंद करणार; सगळा माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागतोय. रॅमचे भाव त्याआधीच भडकले होते. टपरीवर त्या रविवारी सुतक होतं. शिक्षकांनी तर बिस्किट घेतलं नाही. त्याच आठवड्यात एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या पाहुण्यांना मी ही बातमी शक्य तेवढ्या हळुवारपणे सांगितली. ते म्हणाले, "सोनं बघा की." आणि मठ्ठा मागितला.

विंडोज १० चं मात्र मला मनापासून लागलं, ते सांगतो. २०१५ साली मायक्रोसॉफ्टचाच एक माणूस जाहीर सभेत बोलून गेला होता की ही विंडोजची शेवटची आवृत्ती. मी ते ब्रह्मवाक्य मानून चाळीसभर घरांत सांगितलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा आधार काढून घेतला. विंडोज ११ घ्या म्हणाले. पण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर निदान आठव्या पिढीचा. माझा सातव्या पिढीचा. धडधाकट, सकाळी वेळेवर उठणारा, पंखासुद्धा न वाजणारा. त्याच्यात काही बिघडलेलं नाही, फक्त तो अपात्र आहे. माझ्याही हपिसात ही भाषा मी ऐकली आहे, त्यामुळे मी त्या मशिनवर लिनक्स मिंट टाकलं आणि ते आजही पळतंय. ही गोष्ट मी शंभर जणांना सांगितली असेल. एकानेही "मलाही टाकून द्या" म्हटलेलं नाही. चांगलं चालणारं यंत्र निव्वळ तारीख उलटली म्हणून भंगारात जातं, याची चीड माझ्याइतकी इतरांना का येत नाही, ते मला कळत नाही.

आता थोडं विषयांतर. ("आत्तापर्यंत काय चाललं होतं?" – बायको, खांद्यावरून वाचत.)

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला वर बोलावलं. काका जाऊन काही वर्षं झाली. मुलाने जुन्या कॉम्प्युटरमधल्या सगळ्या फायली काढून नव्या लॅपटॉपवर आणून दिल्या होत्या, आणि तो परत बंगलोरला गेला होता. काकू म्हणाल्या, "अरे, तुला कळतं ना त्यातलं? ह्यांचं सगळं लिखाण ह्यात आहे म्हणतात. पण उघडलं की इंग्रजी. ह्यांना कुठे एवढं इंग्रजी येत होतं? आणि इंग्रजीत कशाला लिहितील रे? मी वाचू नये म्हणून?"

मी पडद्यावर पाहिलं आणि, खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. हाच तो प्रश्न! आयुष्यभर मी ज्याची वाट पाहिली, तो दुसऱ्या मजल्यावर, चहाच्या कपासकट माझ्यापुढे येऊन उभा होता. मी खुर्ची पुढे ओढली आणि काकूंना फॉन्टचा इतिहास सांगायला घेतला.

तुम्हालाही ऐकावा लागेल. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, आपल्या घरांत रुजण्याआधीच्या काळात कॉम्प्युटरला मराठी येतच नव्हतं. त्याला इंग्रजी येत होतं, आणि आपल्या हुशार लोकांनी त्यावर तोड काढली. फायलीत साठवायचं इंग्रजी अक्षरच, पण पडद्यावर त्याला 'क'चं किंवा 'म'चं रूप द्यायचं. जुन्या संगीत नाटकातला स्त्रीपार्टी नटच तो: वरून शालू, नथ, अंबाडा, आणि आत सांगलीचा दाढी करून आलेला इसम. फॉन्ट काढला की शालू सुटतो. काकूंच्या लॅपटॉपवर तेच झालं होतं. काकांनी चांगलं मराठीतच लिहिलं होतं. नव्या मशिनवर तो फॉन्ट नव्हता, म्हणून सगळे नट मिशांसकट उघडे पडले होते.

बरं, शालू एक असता तरी चाललं असतं. त्या फॉन्टांत २५६च घरं. त्यात आपली जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या कोंबायच्या. ज्याने त्याने आपल्या सोयीने कोंबल्या. श्रीलिपीत एका जागी असलेलं अक्षर कृतिदेवमध्ये भलत्याच जागी, आणि शिवाजी फॉन्टची तऱ्हा तिसरीच. शिवाय अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने ठेवलेली. म्हणजे ऱ्हस्व वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर. 'धर्म'मधला रफार 'म'च्याही मागे. आज फायली बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, ते बहुतेक याच वेलांटीत आणि रफारात अडखळतात.

युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच, १९९१ मध्ये, देवनागरी होती. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा फॉन्ट आला. आज ज्याला लोक कुरूप म्हणून नाकं मुरडतात तो मंगल केला र. कृ. जोशींनी. मराठी कवी, सुलेखनकार, पवईच्या आयआयटीत शिकवणारा माणूस. ज्याने हाताने अक्षरं लिहावीत आणि लोकांनी पाहत राहावं, त्याने त्या काळच्या भरड पडद्यांवर आपली लिपी वाचता यावी म्हणून ठिपक्या-ठिपक्यांत मन घातलं. आपल्या किती घरांना हे नाव ठाऊक आहे? मंगल मात्र वर्षानुवर्षं विंडोजच्या मशिनमध्ये बसून होता. आणि तरी विंडोज एक्सपीत मराठी दिसायला कंट्रोल पॅनेलच्या पोटात शिरून एका चौकोनात बरोबरची खूण करावी लागे. ती केली की कॉम्प्युटर विंडोजची सीडी मागे. सीडी कुणाकडे होती? ज्याने कॉम्प्युटर जोडून दिला, त्याने एकाच सीडीवर अख्खा तालुका चालवला होता. शिवाय छपाईवाल्यांचं पेजमेकर. त्याला युनिकोडची देवनागरी झेपत नव्हती. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, स्मरणिका, सगळं त्या जुन्याच फॉन्टांत निघत राहिलं. असं करता करता दोन दशकांचं मराठी त्या शालूंत अडकून पडलं...

"अरे, पण वाचता येईल का?" काकूंनी विचारलं. चहा गार झाला होता. त्यांचाही.

माझं तोंड एकदम मिटलं. बाईंना फॉन्टचा इतिहास नको होता. आपल्यापासून लपवून काही लिहिलं का, एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्याचं उत्तर मी पहिल्याच मिनिटाला देऊ शकलो असतो. मी म्हणालो, "काकू, मराठीतच आहे सगळं. तुम्ही वाचावं म्हणूनच आहे." त्या काही बोलल्या नाहीत. पदराने चष्मा पुसत बसल्या.

जुना कॉम्प्युटर माळ्यावर होता, त्यांनी तो विकू दिला नव्हता. सुरू काही होईना. मग त्यातली हार्ड डिस्क काढली. ती जुन्या, रुंद पट्ट्याच्या वायरची, आयडीई. तिला आजच्या यूएसबीला जोडणारा तुकडा हवा होता, म्हणून मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. जायला कारण मिळालं याचा आनंद मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही. डिस्क एकदा खरखरली आणि उघडली. विंडोजच्या फॉन्ट नावाच्या फोल्डरात काकांचा फॉन्ट आपल्या जागी पडलेला होता. तो लॅपटॉपवर टाकला, फाइल उघडली, आणि 'श्री' उमटलं.

काकांनी कादंबरी लिहिली असेल अशी माझी एक अंधुक आशा होती, कारण मग मला प्रस्तावनेत जागा मिळाली असती. तसं काही नव्हतं. सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं, पाण्याच्या टाकीबद्दल नगरपालिकेला पत्रं, राजापूरच्या घराच्या आंब्यांचा हिशेब. आणि एक फाइल, इमारतीतल्या प्रत्येक घराबद्दल दोन-दोन ओळींची. काकूंनी ती मोठ्याने वाचायला लावली. त्यांच्याबद्दल होतं: "हिच्या हातची सोलकढी. बाकी तक्रार नाही." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पुढे वाच."

पुढे मी होतो. "तळमजला: कॉम्प्युटरवाला. मुलगा भला आहे. एक प्रश्न विचारला की तीन उत्तरं देतो. घाई नसेल तेव्हा विचारावं."

काकूंनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. त्यांना नीट ऐकू आली नव्हती म्हणे.

तर वाचकहो, एक काम करा. तुमच्या घरीही अशी एखादी फाइल असेल: वडिलांची पत्रं, आईच्या पाककृती, कुणी टाइप करून घेतलेली वंशावळ. उघडून पाहा. अनोळखी इंग्रजी दिसलं तर ती उडवू नका, त्यात मराठी आहे. ज्या जुन्या मशिनवर ती लिहिली, त्यातल्या फॉन्टची फाइल आधी कॉपी करून घ्या. मग कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि वेलांट्या-रफार स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. ते काम यंत्रावर सोडू नका. हे सगळं मशीन विकायच्या आधी करा. भंगारवाला किलोवर घेतो, आतल्या फॉन्टचे वेगळे पैसे देत नाही.