घरजावई इंजिन

पावसाळा तोंडावर आला की गॅरेजांसमोर जुन्या जीप दिसू लागतात. बॉनेट उघडं, इंजिन बाहेर काढून फरशीवर ठेवलेलं आणि मालक हात मागे बांधून उभा. चेहऱ्यावर पहिलटकरणीच्या नवऱ्याची काळजी. काय चाललंय? "टर्बो डिझेल टाकतोय."

कशाला?

"ॲव्हरेजसाठी." हे पहिलं उत्तर. जीप बाहेर पडते रविवारी, तीही पाऊस बरा असेल तर. ताम्हिणीत भजी खाऊन परत. खर्च लाखांत, बचत लिटरमागे काही रुपयांत. डिझेलवरचं सरकारी नियंत्रण 2014 च्या ऑक्टोबरमध्येच उठलं, आणि 2020 च्या जूनमध्ये दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं होतं. ॲव्हरेजचा हिशेब तरी चालूच आहे. तो वहीत मांडायचा नसतो, घरच्यांना सांगायचा असतो.

घरच्यांनी मान हलवली की खरं कारण बाहेर येतं. "ताकद."

हे मात्र खोटं नाही. महिंद्राच्या जुन्या सीजे-3बी जीपमध्ये विलिजचं 2.2 लिटरचं पेट्रोल इंजिन होतं. 75 अश्वशक्ती, जेमतेम 155 न्यूटन मीटर टॉर्क. 2010 मध्ये आलेल्या थारच्या कॉमन रेल डिझेलचा टॉर्क 247, आणि स्कॉर्पिओच्या एमहॉकचा 290. एक्झॉस्टच्या झोतावर फिरणारी चक्री हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते, जास्त हवेत जास्त डिझेल जळतं आणि चढावर गिअर न पाडता गाडी सरसर निघते. विज्ञान चोख आहे.

फक्त ते बाकीच्या जीपला कुणी विचारलेलं नाही.

टर्बो डिझेल म्हणजे घरजावई. येताना एकटाच येतो, मग त्याच्यासाठी सगळं घर बदलावं लागतं. इंजिन नव्या जागी बसत नाही, म्हणून माउंटिंग कापा. बेल हाउसिंग जुळत नाही, म्हणून लेथवर प्लेट बनवा. तीन गिअरच्या टी-90 ला हा टॉर्क झेपत नाही, म्हणून गिअरबॉक्सही स्कॉर्पिओचाच घ्या. तो लांब, म्हणून मागचा प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करा. रेडिएटर पुरत नाही, मोठा टाका. इंटरकूलरला जागा नाही, ग्रिलमागे कोंबा. नाकावर वजन वाढलं, पुढचे पाटे बसले, म्हणून पाटे बदला. टर्बो स्टिअरिंगच्या दांड्याला घासतोय, म्हणून दांडा वाकवा.

एवढं झाल्यावर मेस्त्री म्हणतो, "आता फक्त बारीकसारीक राहिलंय."

या बारीकसारीकमध्ये वेग नावाची एक गोष्ट असते. सीजे-3बीचा एक्सल 5.38 चा. चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टचे साडेपाचच्या आसपास फेरे. जुनं पेट्रोल इंजिन चार हजार आरपीएमला दमायचं. नवं डिझेल? तेही साधारण तिथेच दमतं. म्हणजे जुना गिअरबॉक्स ठेवलात तर टॉप गिअरमध्ये जीप जेवढी तेव्हा पळायची, जवळजवळ तेवढीच आताही पळणार. लाखांचं इंजिन, वेग तोच.

आवाज मात्र वाढला.

बरं, पळण्याचं झालं. थांबण्याचं काय? सीजे-3बीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. बूस्टर नाही, पायाचा जोर हाच बूस्टर. त्यावर दीडपटीहून जास्त टॉर्क चढवलेला. मालकाला विचारा, इंजिनावर तासभर बोलेल. ब्रेकचा विषय काढा, तीन शब्दांत संपवेल: "ते नंतर बघू."

वरंध घाटात उतरताना बघणार बहुतेक.

मारुती जिप्सीवाल्यांची तऱ्हा वेगळी. तिच्या ब्रेकला बूस्टर आहे, पण तो पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्युमवर चालतो. डिझेलमध्ये तो व्हॅक्युम मिळत नाही, वेगळा पंप लागतो. पंप विसरणारा गॅरेजवाला महाराष्ट्रात नसेलच, असं मानून चालू. मानायला पैसे पडत नाहीत.

जिप्सीचं दुःख तसं खरं आहे. 1985 मध्ये ती आली 970 सीसीचं पेट्रोल इंजिन घेऊन. 1996 मध्ये 1.3 लिटर झाली. तीस वर्षांहून जास्त काळ विकली गेली, पण कंपनीने इथे तिला डिझेल दिलं नाही. तिच्याच भावंडाला, सुझुकी सामुराईला, स्पेनमध्ये 1.9 लिटरचं टर्बो डिझेल मिळालं. आपल्याकडच्यांनी वाट पाहिली, पाहिली आणि शेवटी भंगार बाजार गाठला. मारुतीने मग 2020 च्या एप्रिलपासून डिझेल बनवणंच बंद केलं.

सगळ्यांना सारखा न्याय.

इंजिन बदलणं हे पाप आहे असं समजू नका. ही परंपरा खुद्द कंपनीची. पेट्रोल परवडेना म्हणून महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजोचा परवाना घेतला आणि जीपच्या नाकात डिझेल बसवलं. ट्रॅक्टरच्या जातकुळीतलं डिझेलही जीपमध्ये आलं. सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या वडापवाल्यांनी तेच काम झाडाखाली केलं. साखळी, पाना आणि दोन पोरं. तिथे हिशेब खरा होता, कारण गाडी रोज धावायची आणि माणसं टपापर्यंत भरलेली असायची. ताकद छंदासाठी लागत नव्हती, चौदाव्या पॅसेंजरसाठी लागत होती.

आजच्या शौकिनाला चौदावा पॅसेंजर नको. त्याला हवी जुनी इभ्रत आणि नवा पिकअप. बाहेरून 1960 सालची जीप, आतून एसी. टेकडीवर चढताना लोकांनी म्हणावं, "काय दणकट होत्या हो जुन्या गाड्या!" आणि याने नम्रपणे मान डोलवावी.

त्यातही दोन पंथ. एक मेकॅनिकल पंपवाल्यांचा. त्यांच्या डिझेलला चालू राहायला एक वायर पुरते, डबक्यात गेलं तरी स्पार्क प्लग भिजायची भीती नाही. दुसरा कॉमन रेलवाल्यांचा. त्यांच्याकडे ईसीयू, पेडलचा सेन्सर, किल्लीतली चिप आणि हाताच्या मनगटाएवढं जाड वायरिंग. मूळ जीपचं सगळं वायरिंग मुठीत मावायचं. ती रानात बंद पडली तर एक पाना आणि दोन शिव्या पुरायच्या. हिला स्कॅनर लागतो. जीप चिखलातून आपली आपण निघते, पण चेक इंजिनचा दिवा लागला की शहरातून लॅपटॉप येईपर्यंत बसा डास मारत.

शिव्या मात्र दोनवर भागत नाहीत.

आणि कागद? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचायला सोपं आहे. कंपनीने दिलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील आपल्या मर्जीने बदलायचा नाही. सीएनजी किंवा बॅटरीचं मंजूर किट बसवायची वाट कायद्यात आहे. अपघातात चेपलेल्या स्कॉर्पिओचं काळीज काढून साठ वर्षांच्या जीपमध्ये बसवायचं किट अजून कुणी मंजूर करून आणलेलं दिसत नाही. 2019 च्या दुरुस्तीने शिक्षाही ठरवली: एकेका बदलामागे पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वर सांगितलेले बदल पुन्हा मोजा. नियम म्हणतो आधी परवानगी, रीत म्हणते आधी वेल्डिंग.

पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीला गाडी न्यायची म्हणजे तर नाटकच. 2022 च्या एप्रिलमध्ये मोटारीची ही फी सहाशेवरून पाच हजार झाली. ती भरायला कुणाची ना नाही. ना असते ती बॉनेट उघडायला.

पीयूसीवाल्याचा तर विचारच करवत नाही. आरसीवर पेट्रोल, नळीतून डिझेलचा काळा लोट. बिचाऱ्याने कोणत्या यंत्राची नळी घालायची?

विम्याचं अजून बाकी आहे. पॉलिसीवर इंजिन नंबर छापलेला असतो. हप्ता घेताना तो कुणी बघत नाही. क्लेम आला की सर्व्हेअर टॉर्च घेऊन सगळ्यात आधी तोच शोधतो. सर्व्हेअरची नजर अधू असल्याचं कधी ऐकलंय?

मग एक दिवस हौस फिटते. ईएमआय असतो, पाठदुखी असते, मुलाला ऑटोमॅटिक हवी असते. जाहिरात पडते: "जुनी जीप, टर्बो डिझेल, पाचवा गिअर, पॉवर स्टिअरिंग, भरपूर खर्च केलेला, फक्त शौकिनांसाठी." शौकीन येतात. टायरला लाथ मारतात, बॉनेट उघडतात आणि पहिलाच प्रश्न टाकतात.

"ओरिजनल इंजिन आहे का हो?"

नसतं. ते गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली ठेवलं होतं, "पुढेमागे लागेल" म्हणून. मालक धावतपळत गॅरेज गाठतो. ताडपत्री आहे, इंजिन नाही. मेस्त्री पान थुंकून शांतपणे सांगतो, "ते होय? ते मागच्याच दिवाळीत गेलं साहेब. एकाला जीप ओरिजनल करायची होती. चांगले पैसे दिले त्याने."